वैयावृत्त्य : वरघोडा नसलेले तप

चातुर्मास लागला की मंदिरांत आणि स्थानकांत तपश्चर्येची वार्ता सुरू होते. कोणाची अट्ठाई, कोणाचे मासखमण, कोणाचे एकांतर उपवास. पारण्याच्या निमित्ताने वरघोडा निघतो, तपस्व्यांचा बहुमान होतो आणि सकल संघ अनुमोदना करतो. ते योग्यच आहे. देहाच्या मागणीला नकार देणे सोपे नसते आणि ज्याला ते साधते तो आदरास पात्र ठरतो.

परंतु त्याच गावात, त्याच पेठेत, दुकानाच्या वरच्या मजल्यावरील एखाद्या खोलीत आणखी एक तप चालू असते. रात्री अडीच वाजता कोणीतरी उठते, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस बदलते, ओली झालेली चादर काढून कोरडी घालते, दोन घोट पाणी पाजते आणि पुन्हा आडवे होते. पहाटे पुन्हा तेच. या तपाची पत्रिका छापली जात नाही. त्याचे पारणे केव्हा, हेही कोणास ठाऊक नसते. शास्त्राने मात्र त्याला नाव दिले आहे आणि स्थानही. ते नाव म्हणजे वैयावृत्त्य. बोलीत आपण ज्याला वैयावच्च म्हणतो ते.

बारा तपांतील स्थान

जैन दर्शनाने तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. उपवास, ऊणोदरी, रसत्याग, कायक्लेश इत्यादी तपे बाह्य होत. ती इतरांना दिसतात, मोजता येतात. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही आभ्यंतर. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी हा क्रम दिला असून वैयावृत्त्याला पात्र अशा दहा जणांची गणनाही केली आहे. आचार्य, उपाध्याय, तपस्वी, नवदीक्षित यांच्याबरोबर त्या यादीत 'ग्लान' हा शब्द येतो. ग्लान म्हणजे रोगाने गळून गेलेला.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. रुग्णाची सेवा हातांनी होते, तिच्यात शरीर झिजते. मग तिला आभ्यंतर तप का म्हटले? उपवासाला बाह्य म्हणावे आणि मलमूत्र काढण्याला आभ्यंतर, हे वरवर पाहता उलटे वाटते. पण ज्याने हे काम सलग काही महिने केले आहे, त्याला याचे उत्तर शोधावे लागत नाही. त्या खोलीत हातांचे काम थोडे असते, मनाचे फार. तेथे प्रथम किळस जिंकावी लागते. किळस गेली की कंटाळा येतो. कंटाळा आवरला की 'मीच का?' हा प्रश्न डोके वर काढतो. तो दाबावा, तर 'माझ्याइतके कोणी करत नाही' हा सूक्ष्म अहंकार मागच्या दाराने आत शिरतो. या चारही शत्रूंशी लढाई आतच होते. बाहेरच्या माणसाला दिसते ती केवळ धुतलेली चादर.

सेवेची ही मूळ शिकवण प्रामुख्याने साधु-साध्वींच्या सेवेसंबंधी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाच्या चौथ्या शिक्षाव्रतालाच वैयावृत्त्य हे नाव दिले. आहार, औषध, उपकरण आणि निवास यांचे दान तर त्यात आहेच. शिवाय संयमीजनांवर आलेले संकट दूर करणे आणि त्यांचे पाय चेपणे यांचाही अंतर्भाव आहे. पाय चेपण्यासारखी साधी, हातांनी करावयाची गोष्ट एका महान आचार्यांना व्रताच्या व्याख्येत नमूद करावीशी वाटली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जी वृत्ती श्रावक मुनींच्या चरणांशी शिकतो, ती घरातील आजारी माणसाच्या उशाशी हरवत असेल, तर ती शिकलीच नव्हती असे म्हणावे लागेल.

नंदिषेण मुनी आणि राजा उद्दायन

लहानपणापासून व्याख्यानांत ऐकलेली नंदिषेण मुनींची कथा या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. आईवडिलांचे छत्र हरपलेला, रूपाने कुरूप, सर्वांनी झिडकारलेला हा तरुण जीव द्यायला निघाला असता एका मुनींनी त्याला अडवले. दीक्षेनंतर त्याने रुग्ण साधूंच्या सेवेचा अभिग्रह घेतला. त्याची परीक्षा पाहण्यासाठी दोन देव आले. एकाने गावाबाहेर अतिसाराने पीडित साधूचे रूप घेतले, तर दुसऱ्याने पारण्याचा पहिला घास घेण्याच्या क्षणी येऊन नंदिषेणांची निर्भर्त्सना केली. नंदिषेण तो घास तसाच ठेवून उठले. निर्दोष पाण्यासाठी घरोघर फिरले, रुग्णाला स्वच्छ केले आणि खांद्यावर घेऊन निघाले. वाटेत त्या रुग्णाने त्यांचे अंग घाण केले आणि वर, धक्के देत चालतोस म्हणून कठोर शब्दही ऐकवले. नंदिषेणांच्या मनात मात्र एकच विचार होता : यांना बरे कसे वाटेल?

कथेतील सर्वांत कठीण परीक्षा कोणती? मलिन होणे ही नव्हे. सेवा करूनही बोलणी खावी लागणे, ही खरी परीक्षा. ज्या घरात दीर्घ आजार आहे, तेथे ही परीक्षा रोज होते. वेदनेने त्रासलेला माणूस जवळच्यावरच चिडतो. दुरून फळे घेऊन आलेल्या पाहुण्याशी तो गोड बोलतो. सेवा करणाऱ्याला हे लागते. ते लागणे स्वाभाविक आहे आणि ते सोसून हात थांबू न देणे हेच तप आहे.

दिगंबर परंपरेत सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा या तिसऱ्या अंगासाठी राजा उद्दायनाचे उदाहरण दिले जाते. कुष्ठी मुनींच्या रूपात आलेल्या देवाने आहार घेऊन तो राजाच्या अंगावर ओकला. राजाने किळस तर केली नाहीच, उलट आपण दिलेल्या आहारातच काही दोष राहिला असावा म्हणून स्वतःला बोल लावला आणि स्वहस्ते मुनींचे अंग धुतले. तो राजा होता. हाताखाली सेवक असणारच. तरीही पाणी त्याने स्वतः घेतले. कथेचा प्राण या 'स्वतः' शब्दात आहे.

पगारी माणूस आणि स्वतःचे हात

एखाद्या जुन्या बाजारपेठेतील घर डोळ्यांसमोर आणावे. पन्नास वर्षे गादीवर बसलेले वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत. स्मृती क्षीण झाली आहे, पण सवय गेलेली नाही. सकाळपासून ते एकच प्रश्न विचारतात : 'दुकान उघडलं का?' पहिल्या पाच वेळा 'हो बाबा' असे उत्तर मिळते. दहाव्या वेळी आवाज चढतो. विसाव्या वेळी उत्तरच मिळत नाही.

मुलगे कर्तव्यात कमी पडतात असे नाही. औषधांचा खर्च ते मोजत नाहीत, मोठ्या शहरातील डॉक्टरांना दाखवतात, दिवसा आणि रात्री वेगवेगळा पगारी माणूस ठेवतात. गावातील रुग्णालयाला देणगीही देतात. मात्र वडिलांच्या खोलीत ते दाराशी उभे राहून चौकशी करतात आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून जातात. आत उरते ती बहुधा घरातली थोरली सून. पगारी माणूस न आला तर तीच, तो आला तरी देखरेखीला तीच. प्रवचनाला जाऊन तिला वर्ष होऊन गेले. पर्युषणातही एक दिवस प्रतिक्रमणाला जाता आले तर आले. आपला धर्म सुटला, असे तिला वाटते.

या घरात दोन गैरसमज एकत्र नांदतात. पहिला त्या सुनेचा. तिचा धर्म सुटलेला नाही; तो त्या खोलीतच चालू आहे. दुसरा गैरसमज मुलांचा आणि तो अधिक गंभीर आहे. पैसे दिले म्हणजे सेवा पोहोचली, असे ते मानतात. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्ही मार्गांनी कर्म घडते, हे जैन कुटुंबाला सांगावे लागत नाही. तेव्हा करवून घेण्याचेही फळ आहेच. परंतु वैयावृत्त्य हे दानाबरोबरच तपही आहे, हे येथे विसरले जाते. आपला उपवास कोणी पगारी माणसाकडून करवून घेत नाही. सामायिकाला आपल्या जागी मुनिमाला बसवत नाही. मग आभ्यंतर तपाचा एक प्रकार तेवढा दुसऱ्याच्या हातांनी पूर्ण होईल, हे कसे?

पगारी माणूस ठेवू नये, असा याचा अर्थ नाही. भारी देहाच्या रुग्णाला उचलणे, रात्रभर जागणे हे घरच्यांना झेपतेच असे नाही आणि प्रशिक्षित हात रुग्णाच्याही हिताचे असतात. त्या माणसालाही सन्मानाने वागवणे, वेळेवर जेवण आणि सुटी देणे हाही अहिंसेचाच भाग होय. मात्र दिवसातील एखादे काम प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावे. मोठ्या मुलाने दुकान उघडण्यापूर्वी वडिलांची दाढी करावी. धाकट्याने रात्री पाय चेपावेत. नातवाने दुपारी पंधरा मिनिटे बसून त्यांच्या त्या एकाच प्रश्नाला विसाव्यांदाही पहिल्या वेळच्या आवाजात उत्तर द्यावे. आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस थोरल्या सुनेला त्या खोलीतून मोकळे करावे. तिला तपस्विनी म्हणून गौरवायचे आणि सगळा भार तिच्यावरच ठेवायचा, हा गौरव नव्हे. ती सोय झाली.

जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

भावना शुद्ध असली तरी ज्ञानाशिवाय सेवा अपुरी पडते. जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही, त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा पाठ, माकडहाड आणि टाचा यांवर दाब पडून जखमा होतात व त्या लवकर भरत नाहीत. पक्षाघातानंतर गिळण्यात अडचण असेल तर आडवे ठेवून पाणी पाजणे धोक्याचे ठरते. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णाला बसते करून, लहान घास देऊन, मध्ये थांबून भरवावे आणि काय पातळ द्यावे, काय घट्ट, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. जयणा जी स्वयंपाकघरात पाळली जाते, तीच येथेही पाळायची.

अनेक घरांत चौविहाराचा प्रश्न येतो. आयुष्यभर सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या आईला रात्री औषध कसे द्यावे, या विचाराने मुलांची ओढाताण होते आणि आईच्या मनाला बोचणी लागते. येथे दोन गोष्टी कराव्यात. प्रथम डॉक्टरांना नियम सांगून औषधांच्या वेळा बदलता येतील का, हे विचारावे. पुष्कळदा काही वेळा बदलता येतात. दुसरे म्हणजे महाराजसाहेबांचे मार्गदर्शन घ्यावे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत आणि तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी यासाठीचा आगार त्यांत आहे. पूर्वाचार्यांनी ही वाट विचारपूर्वक मोकळी ठेवली. त्यामुळे मुलांनी आईवर औषध लादू नये आणि नियमाचे कारण सांगून तिला वेदनेतही ठेवू नये. निर्णय तिच्या समाधीला धरून, तिला विचारून व्हावा.

व्यापारी कुटुंबात सहीचा प्रश्नही नाजूक असतो. आजारी माणसाच्या खात्याचे व्यवहार अडू नयेत म्हणून घाईने कोऱ्या धनादेशांवर सह्या घेतल्या जातात. असे करण्याची गरज नसते. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराच्या हाताच्या, तेही शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष स्वीकारण्याची तरतूद बँकांच्या नियमांत आहे. त्यांतील एक साक्षीदार जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. सत्तर वर्षांवरील आणि अशक्त खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिले आहेत. ज्या हातांनी पेढी उभी केली, त्या हातांचा ठसा त्यांना समजावून, त्यांच्या होकारानेच घेतला जावा. रुग्णाचा मान राखणे हेही वैयावृत्त्यच.

जे फिटत नाही

स्थानांग सूत्रात तीन ऋणांचा उल्लेख आहे, जी फेडणे दुष्कर आहे : मातापित्यांचे, आधार देऊन वर आणणाऱ्या धन्याचे आणि धर्माचार्यांचे. मुलाने आईवडिलांना उत्तमोत्तम तेलांनी अभ्यंग घातले, सुगंधी पाण्याने स्नान घातले, नाना पक्वान्ने वाढली आणि आयुष्यभर पाठीवर वाहून नेले, तरी ते ऋण फिटत नाही. त्यांना धर्मात स्थिर करण्यानेच ते फिटू शकते, असे तेथे सांगितले आहे. जमा-नावे जाणणाऱ्या समाजाने यातून एक गोष्ट घ्यावी. हे खाते पैशाने बरोबरीत येणारे नाही. आणि सेवेची कसोटी सुखसोयींत नसून रुग्णाचे मन शांत राहिले की नाही, यात आहे. वातानुकूलित खोलीत एकटा पडलेला वृद्ध आणि साध्या खोलीत नातवाच्या तोंडून नवकार ऐकणारा वृद्ध, यांत समाधी कोणाला लाभली, हे सांगण्याची गरज नाही.

श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते, तेव्हा भगवान महावीरांच्या गर्भावस्थेचा प्रसंग दरवर्षी ऐकला जातो. आईला त्रास होऊ नये म्हणून गर्भ निश्चल झाला; पण त्यानेच माता त्रिशला शोकाकुल झाली. हे जाणून भगवंतांनी मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा अभिग्रह केला. ते अठ्ठावीस वर्षांचे असताना मातापिता दिवंगत झाले. ज्येष्ठ बंधू नंदिवर्धनांच्या विनंतीवरून ते आणखी दोन वर्षे थांबले आणि तिसाव्या वर्षी दीक्षा घेतली. ज्यांना मोक्षमार्गावर निघायचे होते तेही आईवडिलांसाठी थांबले. दुकान उघडायला अर्धा तास उशीर झाला तर काय होईल, याचे उत्तर ज्याने त्याने यातून घ्यावे.

महाराष्ट्राच्या मातीतही हा वारसा आहे. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मायेने वाढत. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या एका पारंपरिक जैन घरातून आलेल्या होत्या. परक्या मुलांना आपल्या चुलीशी बसवणे त्यांना सोपे गेले नसेल. त्यांनी दागिने दिले म्हणून त्या थोर आहेतच, पण त्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी दिली होती.

पुणे जिल्ह्यातील चासकमान येथे १९३७ मध्ये जन्मलेल्या आचार्य चंदनाजींनी १९७३ मध्ये बिहारमधील राजगीर येथे वीरायतनची स्थापना केली. तेथील नेत्र रुग्णालयात गोरगरिबांना, जात-धर्म न पाहता, दृष्टी परत मिळाली. साधूंच्या सेवेपासून सुरू झालेला वैयावृत्त्याचा अर्थ कोणाही ग्लान जीवापर्यंत कसा पोहोचतो, त्याचे हे उदाहरण.

दोन्ही बाजूंचे तप

जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावे, हे सूत्र जैन समाजाच्या प्रतीकचिन्हावर कोरलेले आहे. त्यातील 'एकमेकांना' हा भाग महत्त्वाचा. आजारी माणूसही केवळ घेणारा नसतो. आयुष्यभर दुसऱ्यांना देत आलेल्या कर्त्या माणसाला दुसऱ्याच्या हातून घास घेणे, अंग पुसून घेणे फार जड जाते. ती लाज संपवून शांतपणे सेवा स्वीकारणे, सेवा करणाऱ्याला दिवसातून एकदा तरी गोड शब्द देणे, हे त्याचे तप. ज्या घरात हे दोन्ही बाजूंनी घडते, तेथे आजारपण लांबले तरी घर तुटत नाही.

संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी दूरदूरच्या नातलगांना, व्यापारातील जुन्या संबंधितांना दूरध्वनी जातात, संदेश जातात. 'मिच्छामि दुक्कडं' शेकडो जणांपर्यंत पोहोचते. या वर्षी ते प्रथम घरातल्या त्या खोलीत म्हटले जावे. विसाव्या वेळी उत्तर दिले नाही म्हणून वडिलांना म्हणावे. रात्री अडीच वाजता जी एकटी उठली आणि आपण झोपेचे सोंग घेतले, तिलाही म्हणावे. आणि मग, तिच्या हातातील पाण्याचे भांडे स्वतःच्या हाती घ्यावे.